आमच्या मंडळीतले टिळक

टिळक म्हटलं की महाराष्ट्राला एकच माणूस आठवतो. राहुरीच्या ख्रिस्ती मंडळीत तसं नाही. रविवारच्या भक्तीत कुणी ‘आता टिळकांचं घेऊ’ म्हणालं, तर पेटीवर बसलेला मुलगा कोणते टिळक असं विचारत नाही, चाल कोणती तेवढं विचारतो. हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. मृत्यू मुंबईत, ९ मे १९१९. पाठ्यपुस्तकात त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ असायची, आणि मी ती वर्गात शिकवलीही. पोरं विचारायची, बाई, रेव्हरंड हे त्यांचं नाव का? मी सांगायची, नाव नाही, हुद्दा आहे, ते चर्चचे पाळक होते. मग वर्गातली दोन-चार ख्रिस्ती पोरं उगाच ताठ बसायची, आणि बाकीच्यांना पक्षीण आणि पारधी यांच्यात पाळक कुठून आला ते कळायचं नाही.

खरं तर मोठ्या माणसांनाही ते कळत नाही. फुलामुलांचा कवी म्हणून टिळकांची पालखी निघाली, आणि त्यांच्यातला पाळक मागच्या मागे राहिला. ज्यांना तो आठवतो, त्यांना लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तला विसरभोळा, तापट, हातचं सगळं वाटून टाकणारा नवरा म्हणून आठवतो. लक्ष्मीबाईंनी लिहिलंच इतकं फर्मास, की त्यात लोकांचा दोष नाही. पण लोकांच्या तोंडी बसलेला धर्मोपदेशक म्हणून पाहिलं, तर मराठी मुलखात त्यांच्या जोडीला बसवावं असं दुसरं नाव मला सुचत नाही. ही लोकप्रियता व्यासपीठावरची नव्हती. ती सतरंजीवर बसलेल्या, अक्षर न येणाऱ्या बायांच्या गळ्यातली होती. आणि तिचा बराच भाग टिळकांनी आमच्याच माणसांकडून घेतला होता, असं माझं म्हणणं आहे. ते पुढे येईल.

आधी आगगाडीची गोष्ट. टिळक आमच्या नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेतले. पण त्यांच्या हाती नवा करार दिला तो एका मेथडिस्टानं. नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. साल १८९३ च्या आसपासचं. गप्पा काव्यावरून धर्मावर आल्या. गृहस्थानं नव्या कराराची प्रत दिली, वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून मोकळा झाला. हे होते फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, तिथून त्यांना पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वॉर्डसाहेबांचा हिशेब फारसा चुकला नाही.

‘फ्री’ मेथडिस्ट हा काय प्रकार आहे, हे सांगायला हवं. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चांत तेव्हा बाकांना भाडं असे. पैसेवाले पुढच्या बाकावर, गरीब मागे. १८६० साली न्यूयॉर्क राज्यात काही मेथडिस्ट या भाड्याच्या बाकांवरून आणि गुलामगिरीच्या प्रश्नावरून वेगळे निघाले. आमच्या चर्चमधे बसायला पैसे पडणार नाहीत, आणि माणूस विकणारा आमचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. अशा मंडळींतला माणूस चित्पावन ब्राह्मणाला गाडीत भेटावा, आणि त्या ब्राह्मणानं पुढचं आयुष्य नगर जिल्ह्यातल्या महार-मांग ख्रिस्त्यांत काढावं, यात मला गंमत वाटते. योगायोग म्हणा. दैवी योजना म्हणणारे आमच्यात पुष्कळ आहेत, मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

मेथडिस्टांचं दुसरंही वैशिष्ट्य इथे कामाचं आहे. हा पंथ वाढला तोच मुळी गाण्यावर. जॉन वेस्ली १७३९ मधे इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळ कोळशाच्या खाणीतल्या मजुरांपुढे उघड्या माळावर उभा राहून बोलू लागला, कारण ती माणसं चर्चमधे येणार नव्हती आणि चर्चला त्यांची गरज वाटत नव्हती. त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स गीतं रचत गेला. सहा हजारांवर गीतं. प्रवचन विसरलं जातं, गाणं खाणीत जाताना तोंडात राहतं, हे या भावांना समजलं होतं. टिळकांनी वेस्ली किती वाचला हे महत्त्वाचं नाही. ते त्याच ठिकाणी दुसऱ्या वाटेनं पोचले, आणि ती वाट देहूवरून जाते. आपण तुकोबांच्या आधारानं ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते उघड सांगत.

त्यांच्या पूर्वायुष्यात फार रेंगाळत नाही. आई लवकर गेली. नाशकात गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत झालं. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं, त्याच पुढे लक्ष्मीबाई. मग गावोगाव भटकणं, नोकऱ्या धरणं आणि सोडणं, नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं ग्रंथांचं काम, ‘ऋषी’ नावाचं मासिक. जातिभेद मोडेल आणि माणसं जोडेल असा एखादा धर्म असावा, हा ध्यास ख्रिस्ती होण्याच्या आधीपासूनचा. त्यातला कवितेचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

बाप्तिस्म्यानंतर ते नगरला आले, आणि नगरच का, तर इथे मिशन जुनं. डिसेंबर १८३१ मधे अमेरिकन मिशनरी नगरला उतरले. सिंथिया फरारबाईंच्या मुलींच्या शाळेचं नाव आज सावित्रीबाईंमुळे घेतलं जातं. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघालं ते नगरमधूनच. १८५४ मधे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा टिळकांच्या जन्माला सात वर्षं अवकाश होता. म्हणजे ब्राह्मण पाळक ही नगरला नवलाई नव्हती. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवू लागले. गावोगावच्या शाळांवर जे मास्तर-उपदेशक जायचे, ते तिथूनच तयार व्हायचे. माझे आजोबा असेच मास्तर. पगार तुटपुंजा, शाळा देवळीएवढी, आणि रविवारी त्याच खोलीत भक्ती.

आता राहुरी. हल्ली राहुरी म्हटलं की ऊस, कारखाना आणि कृषी विद्यापीठ. हे सगळं नंतरचं. विद्यापीठ १९६८ चं, मुळा धरण त्याच्याही नंतर भरलं, भंडारदऱ्याचं धरणसुद्धा १९२६ चं. १९०० सालची राहुरी म्हणजे मुळेच्या काठचं बाजारगाव, आजूबाजूला बाजरी-ज्वारीची कोरडवाहू शेती. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून धावत होती, पण स्टेशन गावापासून लांब. गावात मिशनचा बंगला होता आणि त्यात डॉ. विल्यम बॅलंटाइन. त्यांचे वडील हेन्री बॅलंटाइन हे ‘ज्ञानोदय’चे पहिले संपादक. मुलगा डॉक्टर होऊन राहुरीत आला आणि दवाखाना चालवत राहिला. मुंबई-पुण्याच्या मानानं राहुरी आडगावच, पण दुखणाइताला गावाचं नाव विचारायचं नसतं, आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं यायची.

त्यात १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, आणि दम खातोय न खातोय तोच १८९९-१९०० चा दुष्काळ. नगर जिल्हा भाजून निघाला. अनाथ पोरांनी मिशनची आवारं भरली. याच काळात ख्रिस्ती झालेल्यांना ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा बसला, तो माझ्या लहानपणापर्यंत ऐकू यायचा. त्यावर माझ्या वडिलांचं ठरलेलं उत्तर असे: भाकरी देणाऱ्याचा देव चांगलाच असणार. आता वाटतं, त्यात विनोद होता आणि दुखरी कळही होती.

टिळक दांपत्याचा संसार पुन्हा मांडला गेला तो या काळात आणि याच मुलखात. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाई त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. मुलगा दत्तू लहान. माहेरच्या माणसांच्या आधारानं त्यांनी काही वर्षं काढली, पंढरपुरातही राहिल्या. मग त्या नगरला आल्या, पण सोवळं घेऊन आल्या. स्वतःचं पाणी स्वतः भरायचं, स्वतःची चूल वेगळी. नवरा ख्रिस्ती, बायको कडक सोवळ्यातली, आणि भोवताली नुकत्या बाप्तिस्मा झालेल्या अस्पृश्यांची वस्ती. टिळकांनी घाई केली नाही. बाकी सगळ्या बाबतींत उतावळा असलेला हा माणूस या एका ठिकाणी थांबून राहिला, आणि याचं श्रेय मी त्यांना पूर्ण देते. लक्ष्मीबाई विचार करून करून एका टोकाला आल्या, की जाती देवानं केलेल्या नव्हेत, माणसांनीच केल्या. एकदा ते पटल्यावर मात्र बाईंनी मागे पाहिलं नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो राहुरीत.

आमच्या मंडळीत हे अभिमानानं सांगितलं जातं. मला त्यात एक जास्तीची गोष्ट दिसते. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला, मोठ्या शहरात, शिकल्या-सवरलेल्या लोकांत. लक्ष्मीबाईंनी डोकं लववलं ते राहुरीत, जिथल्या मंडळीत बहुतेक महार आणि मांग समाजातले, दुष्काळातून नुकते वाचलेले लोक होते. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानायचा असं शिकवून ज्यांना वाढवलं, त्या बाई त्यांच्याबरोबर प्रभुभोजनाची भाकर घेऊ लागल्या. धर्मांतराची टिळकांची गोष्ट विचारांची आहे. लक्ष्मीबाईंची अन्नपाण्याची आहे, आणि मला ती जास्त अवघड वाटते. पाळकाची बायको अशी झाल्यावर पाळकाच्या शब्दालाही वजन आलं. एरवी टिळक उपदेशाला उभे राहिले असते आणि ऐकणाऱ्यांनी मनात म्हटलं असतं, तुमच्या घरी आमचं पाणी चालतं का ते आधी सांगा.

एक खरं तेही सांगितलं पाहिजे. बाप्तिस्म्याचं पाणी दोन्ही वाड्यांत पोचलं, पण सोयरिकीपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका भक्तीला बसायचे आणि लग्नं आपापल्यात करायचे. काही घरांत अजूनही तसंच आहे. टिळकांच्या गाण्यांनी हे मोडलं असा दावा मी करणार नाही. पण एका सुरात गाणं तरी त्यांनी शक्य केलं. कसं, ते सांगते.

इंग्रजी चालीवर बसवलेलं जुनं मराठी गीत एकदा गाऊन पाहा. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी, त्यांत हेन्री बॅलंटाइनही आले, जीव तोडून अशी गीतं रचली. मराठी त्यांना चांगली येत होती. पण चाल परदेशची. तिचा जोर ठरलेल्या ठिकाणी पडतो, आणि मराठी शब्दातला ऱ्हस्व उकार तिथे आला की तो चार मात्रा ताणावा लागतो, भरघोस आकार मात्र चिमटीत सापडतो. अर्थ कळतो. तोंडात बसत नाही. ज्याला पुस्तक वाचता येतं तो बघून म्हणतो, ज्याला येत नाही तो ओठ हलवतो. माझी आजी ओठ हलवणाऱ्यांतली. तिला अक्षर येत नव्हतं. बाकावर बसायला तिला आवडायचं नाही, ती खाली सतरंजीवर, पदर डोक्यावरून घेऊन, भिंतीला टेकून बसायची. इंग्रजी चालीचं गीत लागलं की ती गप्प. टिळकांचा अभंग लागला की पेटीच्याही आधी तिचा आवाज निघायचा.

यात कारागिरी काय आहे, तर मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. चौथ्या चरणावर दम घ्यायला जागा. लघु-गुरूची कटकट नाही, गाणाऱ्यानं अक्षर लांबवावं किंवा आखडावं. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं, त्यामुळे पुस्तक लागत नाही. एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा अर्धं येतं, तिसऱ्यांदा सगळं. निरक्षर मंडळीसाठी याहून चांगली छपाई कुणी काढलेली नाही.

टिळकांच्या आधी नगरला याची सुरुवात झाली होती, हे विसरू नये. १८६० च्या दशकात विष्णुपंत करमरकर, कृष्णराव सांगळे अशा मंडळींनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग-उत्तररंग, टाळ-मृदंग, मधे साकी-दिंडी, आख्यान येशूचं. काही मिशनऱ्यांना ते रुचलं, काहींना वाटलं की मागच्या दारानं देऊळ आत येतंय. टिळकांनी त्या वाटेवर कवीची ताकद आणली. शेकडो पदं, अभंग, आरत्या रचल्या. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं तर पानामागून पान त्यांचंच नाव दिसतं. येशूला त्यांनी गुरू म्हटलं, माउली म्हटलं. इंग्रजीतून आलेला ख्रिस्त राजा होता, न्यायाधीश होता. टिळकांचा ख्रिस्त विठोबासारखा लेकुरवाळा झाला.

आता माझं म्हणणं. पुस्तकांत असं लिहिलेलं असतं की टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला भारतीय रूप दिलं. दिलं म्हणजे काय? कुणाला दिलं? माझ्या आजीच्या माहेरी एकतारी होती. तिचा आजोबा ख्रिस्ती होण्याआधी चोखोबाचे अभंग म्हणायचा. मंगळवेढ्याचा चोखामेळा चौदाव्या शतकात वेस बांधताना दरड कोसळून गेला, त्याची समाधी पंढरपुरात देवळाच्या बाहेरच राहिली, आणि त्याचे अभंग महारवाड्यांतून म्हटले जात राहिले. मांगवाड्यात हलगी, डफ, सनई होती. ख्रिस्ती होताना यातलं पुष्कळसं उंबऱ्याबाहेर ठेवावं लागलं, कारण हलगी जत्रेतली आणि अभंग विठोबाचा. दोन पिढ्या बाकांवर बसून परदेशी चाली म्हणण्यात गेल्या. टिळकांचे अभंग आले, तेव्हा आमच्या लोकांना नवं काही मिळालं नाही. बाहेर ठेवलेलं सामान परत घरात घेता आलं. ते परत आणायला ब्राह्मण कवी लागला, कारण त्याला कुणी ‘हे तुमच्यावरचे जुने संस्कार बोलताहेत’ असं म्हणणार नव्हतं, निदान सहजासहजी म्हणणार नव्हतं. हे कौतुक आहे आणि तक्रारही आहे. दोन्ही एकाच वाक्यात बसतात, मी काय करू?

म्हणूनच टिळकांची संस्कृत वृत्तांतली कविता मला जड वाटते. ती ज्या श्रोत्यांसाठी आहे त्यांच्यात मी शिकून सवरून गेले, पण आजी गेली नसती. अभंगात उतरले की टिळक हलके होतात. ‘अभंगांजली’ ही त्यांची शेवटच्या काळातली रचना, आणि तिथे अलंकार गळून पडलेत. चर्चच्या सतरंजीनं कवीला साधं केलं, असं मला वाटतं.

पाळकपदाची दीक्षा त्यांना १९०४ मधे मिळाली. नोकरदार म्हणून हा माणूस मिशनला सोपा गेला नसणार. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, रस्त्यात भेटेल त्याला देऊन मोकळे. घरात सतत कुणीतरी आश्रित. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोंबरे नावाच्या पोराला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, त्याला बालकवी ही पदवी मिळाली, आणि पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहायला आला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं ठेवलं. मराठी निसर्गकवितेचा एवढा मोठा कवी पाळकाच्या पगारावर जेवून वाढला, ही गोष्ट आमच्या चर्चमधल्यांना सांगितली की ते आधी पगार किती होता ते विचारतात.

पगाराचा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा होता. परदेशी मिशनच्या पैशावर जगणारा देशी उपदेशक ऐकणाऱ्याला भाडोत्री वाटतो, हे टिळकांना डाचत असे. ही खंत त्यांच्या आधी एका गोऱ्यालाही झाली होती. जॉर्ज बोवेन १८४८ साली याच अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आला. वर्षा-दीड वर्षात त्यानं मिशनचा पगार सोडला, गरीब वस्तीत खोली घेतली, आणि पत्र चालवत, रस्त्यावर उपदेश करत चाळीस वर्षं काढली. १८७० नंतर विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्टानं मुंबईत सभा गाजवल्या, तेव्हा बोवेन मेथडिस्टांत सामील झाला. मुंबईकर त्याला साधूच मानायचे. १८८८ मधे तो वारला, टिळक तेव्हा अजून हिंदूच होते. दोघांची भेट नाही. पण नगर-मुंबईच्या मिशनच्या लोकांत अशी एक बिनपगारी वाट आधीच पडलेली होती.

टिळकांनी ती उशिरा धरली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते, आणि ते काम त्यांनी अखेरपर्यंत केलं. हिंदी ख्रिस्त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, चर्च आपलं व्हावं, देशाबद्दल प्रेम असणं हे ख्रिस्ती असण्याच्या आड येत नाही, असं ते पुन्हा पुन्हा मांडत. १९१७ मधे मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही तऱ्हेचे ख्रिस्तभक्त एका सतरंजीवर बसावेत अशी ती कल्पना. ख्रिस्त हवा, पण चर्चचा शिक्का नको, अशी माणसं त्यांना भेटत होती, त्यांना कुठे बसवायचं हा त्यांचा प्रश्न. आजही तो सुटलेला नाही. वेस्लीही मरेपर्यंत स्वतःला इंग्लंडच्या चर्चचाच पाळक म्हणवत होता, आणि त्याचे अनुयायी त्याच्या डोळ्यांदेखत वेगळे होत होते. टिळकांना तेवढं पाहायला वेळच मिळाला नाही. दोन वर्षांत ते गेले. जाताना आपलं दहन व्हावं असं सांगून गेले, आणि पुरण्याची रीत असलेल्या मंडळीनं ते ऐकलं. दरबार त्यांच्या मागे टिकला नाही. संस्था बांधणं हे त्यांचं काम नव्हतंच, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. नगरला आलेले इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मधे त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, आणि त्यांनीच ख्रिस्त सेवा संघ काढला. भगव्या-खादीतल्या ख्रिस्ती आश्रमाची कल्पना तिथे पुढे चालली.

१९७० साली उत्तर भारतातली बरीच प्रॉटेस्टंट चर्चं एक झाली, नगरची मंडळी त्यांत आली. ब्रिटिश वळणाचे मेथडिस्टही आले. अमेरिकन मेथडिस्ट आयत्या वेळी मागे राहिले, त्यांचं चर्च आजही वेगळं आहे. मुंबईला माझ्या पुतणीचं लग्न मेथडिस्ट घरात झालं, तेव्हा त्यांच्या पाळकांनी भक्ती घेतली आणि आमच्या मंडळींनी गायन केलं. गीतं टिळकांची निघाली. त्यांच्याही पुस्तकात ती होती. पंथांच्या बैठकांत जे जमलं नाही ते मांडवात जमून गेलं, अर्थात जेवणाची पंगत लागेपर्यंतच.

हल्लीच्या पोरांना कीबोर्ड हवा, हिंदी गाणी हवीत, पडद्यावर शब्द दिसायला हवेत. मला त्यात वाईट वाटत नाही, आजीच्या काळी पेटीलाही नावं ठेवली गेली होती. पण एका गोष्टीवर माझा आणि आमच्या गायन मंडळाचा वाद चालू आहे. टिळक ‘ख्रिस्तायन’ लिहायला बसले होते, ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र. साडेदहा अध्यायांवर ते थांबले. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना शाळा अशी कधी मिळाली नाही, ज्यांना नवऱ्यानं लहर लागेल तसं वाचायला शिकवलं. १९३६ मधे त्या वारल्या. ज्या बाईचा बाप्तिस्मा आमच्या राहुरीत झाला, तिच्या चौसष्ट अध्यायांतली एक ओवी आमच्या मंडळीत कुणाला पाठ नाही. येत्या उपवासकाळात रोज संध्याकाळी थोड्या थोड्या ओव्या लावाव्यात, असं मी सुचवलं. पाळकसाहेबांची ना नाही. तबलजी म्हणतो, ओवीला ठेका लागत नाही, मी काय करू? मी त्याला सांगितलं, तू नुसतं बस आणि ऐक. त्याला ते पटलेलं नाही. माझ्याबरोबर म्हणायला दोघीजणी तयार आहेत, एक माझ्याहून म्हातारी आणि एक नववीतली. सुरुवात टिळकांच्या अध्यायांपासून करायची की थेट बाईंच्या, एवढंच ठरायचं आहे.